सात किरणांचा तारा: शीर-ओ-खुर्शीद निशाणाच्या कारागिराचा शोध

११ फेब्रुवारी २०२४

तारा आज घरी आला. इराणवर राज्य करणाऱ्या काजार घराण्याचं शीर-ओ-खुर्शीद निशाण, म्हणजे सिंह आणि सूर्य या नावाचं मानाचं पदक. छातीवर लावायचा चांदीचा तारा, किरण सात, मधोमध मीनाकारीची वाटोळी टिकली. सोबत लाल चामड्याची पेटी. झाकणाच्या आत पांढऱ्या रेशमावर सोनेरी अक्षरांत पॅरिसच्या हॅले या पेढीचं नाव आणि पॅले-रोयालचा पत्ता. "साहेब, माल कुठला ते पेटीच सांगते," असं म्हणून विकणाऱ्याने भाव पेटीसकट सांगितला. मीही पेटीकडे बघूनच हो म्हटलं. रक्कम इथे लिहीत नाही. ही वही स्वयंपाकघरातल्या फळीवर असते.

मागच्या पिनेवर एक बारीक ठसा आहे. "गरुडाचं डोकं. फ्रान्सचा सरकारी ठसा," असं तो म्हणाला. काहीतरी पक्ष्यासारखं आहे, एवढं मलाही दिसलं.

वहीत आजची नोंद: कारागीर हॅले, पॅरिस. पेन्सिलीने लिहिली आहे, हे बरं केलं.

१४ फेब्रुवारी

मोजमाप. टोकापासून टोकापर्यंत ७८ मिलिमीटर, वजन ५१ ग्रॅम. किरण एकाच पत्र्यातून कापलेले नाहीत. प्रत्येक किरण वेगळा घडवून मागच्या ताटलीवर दोन-दोन रिबिटांनी बसवला आहे. किरणांच्या अंगावर हिऱ्यासारखे पैलू पाडलेले आहेत, त्यामुळे दिव्याखाली सगळा तारा खड्यांनी मढवल्यासारखा चमकतो. एकही खडा नाही, सगळी करामत कोरणीची.

टिकलीवरचा सिंह बसलेला आहे, पुढचे पाय पसरून, मांजर उन्हात बसतं तसा. पंजात तलवार नाही. याचा अर्थ हे निशाण इराणी माणसाला दिलेलं नव्हतं. परक्या देशाच्या माणसाला बसलेला सिंह आणि आपल्या माणसाला उभा, तलवार उगारलेला सिंह, असा तिथला नियम. किरणांचाही हिशेब असतो: पहिल्या वर्गाच्या ताऱ्याला आठ, आणि वर्ग उतरेल तसे किरण कमी. सात म्हणजे दुसरा वर्ग. एखादा वकील (म्हणजे राजदूत), सेनाधिकारी, डॉक्टर किंवा तारायंत्राचा साहेब असावा. नाव कळायला पदकाबरोबरचं शाही फर्मान हवं आणि ते तर कधीच वेगळं झालेलं आहे.

नकली आहे का, हेही आजच पाहून टाकलं. ओतीव नकलेत कडा मऊ पडतात आणि खाचांत बारीक छिद्रं दिसतात. इथे कडा अशा की बोट कापेल. मीन्याच्या नावाखाली रंगीत राळ भरलेली असते तेव्हा ती अतिनील दिव्याखाली बहुधा दुधाळ चमकते. ही चमकली नाही. म्हणजे खरा मीना, काचच आहे. एका ठिकाणी केसाएवढी चीर आहे, ती जुनी आहे, तिच्यात मळ बसलाय.

२० फेब्रुवारी

पुढे मागे ही वही कुणी वाचली तर 'इराणच्या पदकाचा कारागीर पॅरिसमध्ये कशाला शोधतोय हा?' असं वाटेल, म्हणून थोडं लिहून ठेवतो.

निशाण सुरू केलं फत्‌ह अली शाहने, १८०८ साली, आणि ते मुळात परदेशी माणसांसाठीच. नेपोलियनचे वकील आणि इंग्रजांचे वकील दोघेही तेहरानच्या दरबारात खेटे घालत होते, आणि दोघांनाही खूश ठेवायला काहीतरी चमकदार हवं होतं. पुढे इराण्यांनाही ते मिळू लागलं. नासिरुद्दीन शाह १८४८ ते १८९६ गादीवर होता. १८७३, १८७८ आणि १८८९ अशा युरोपच्या तीन वाऱ्या त्याने केल्या, आणि प्रत्येक वारीत पदकांची खैरात झाली. त्याचा मुलगा मुजफ्फरुद्दीन १९००, १९०२ आणि १९०५ मध्ये गेला. खैरात तशीच चालू.

गंमत पुढे आहे. अनेकदा दरबाराकडून मिळायचं ते फर्मान: कागद, शाहची मोहर आणि हिजरी तारीख. पदक ज्याने त्याने आपल्या गावच्या पेढीवरून करून घ्यायचं. आपल्याकडे पागोट्याचा मान मिळावा आणि पागोटं पदरच्या पैशाने बांधून घ्यावं, तसा हा प्रकार. म्हणून एकाच निशाणाचे तारे पॅरिस, बर्लिन, व्हिएन्ना, सेंट पीटर्सबर्ग आणि इराण अशा किती हातांनी घडवलेले सापडतात. पॅरिसमध्ये हॅले, लमेत्र, क्रेटली. बर्लिनमध्ये गोडे. व्हिएन्नात रोटे. रशियात कायबेल घराणं. सगळ्यांना नमुना एकच, पण सिंह प्रत्येकाचा वेगळा. म्हणून हा नाद मला लागला. नाणं टांकसाळीतून येतं, त्यात कारागिराला वाव कमी. इथे सिंहाची शेपटी कुठे वळवायची हेही कारागीर ठरवतो.

२६ फेब्रुवारी

रात्री साडेअकराला अंथरुणातून उठलो.

गरुडाचं डोकं हा फ्रान्सचा ठसा खरा, १८३८ पासूनचा. पण तो सोन्याचा ठसा आहे, अठरा कॅरटच्या. पॅरिसमधल्या चांदीच्या लहान वस्तूंवर रानडुकराचं डोकं असतं. परगण्यांत तेच काम खेकडा करतो. मोठ्या चांदीच्या वस्तूंवर मिनर्व्हा देवीचं शिरस्त्राण घातलेलं डोकं. माझी पिन चांदीची आहे. चांदीच्या पिनेवर गरुड बसेलच कसा?

शिवाय फ्रेंच कारागिराचा स्वतःचा ठसा बर्फीच्या आकाराच्या चौकटीत असतो, आत आद्याक्षरं आणि एखादं चिन्ह. ती बर्फी मला अजून कुठेही दिसलेली नाही. किरणांच्या टोकांवर नाही, ताटलीच्या कडेला नाही, पिनेच्या बिजागरीवर नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. गेली सहा वर्षं ठाऊक आहे. पेटी समोर आली की माणूस शिकलेलं विसरतो.

३ मार्च

पुतण्याकडून संगणकाला जोडायचं सूक्ष्मदर्शक आणलं. दहापटीच्या भिंगातून जे डोकं वाटत होतं ते डोकं नाहीच. आखडलेली मान, फुगीर पाठ, खाली पाण्याची रेघ. लंबगोल चौकटीत अख्खा पक्षी बसवलाय.

हंस.

फ्रान्समध्ये १८९३ पासून परदेशी किंवा मूळ न कळणाऱ्या चांदीवर हंस मारतात. माल बाहेरून आला किंवा लिलावात विकायला निघाला की तपासणी कचेरीत त्याचा कस पाहायचा, पुरेसा असला तर हंस. सोन्याला याच कामासाठी घुबड. म्हणजे ज्या ठशाच्या जोरावर तारा मला 'पॅरिसचा' म्हणून विकला गेला, तोच ठसा सांगतो की तो पॅरिसचा नाही!

आपल्याकडे हंस नीर आणि क्षीर वेगळं करतो. फारसीत दुधाला शीर म्हणतात, आपल्या क्षीराचाच तो भाऊ. आणि सिंहालाही शीर. तेव्हा हंसाने इथे शीरच वेगळा काढून दाखवला, असं म्हणायला हरकत नाही. हे वाक्य बायकोला वाचून दाखवलं. तिने फक्त "दूध उतू जातंय" असं सांगितलं. खरंच जात होतं.

४ मार्च

कालच्या उत्साहाला लगाम. पिनेवरचा ठसा फक्त पिनेची हमी देतो. पिना मोडतात, बदलतात. एखाद्या इराणी ताऱ्याला फ्रेंच पिन किंवा फ्रेंच ताऱ्याला कुठलीतरी जुनी पिन, दोन्ही शक्य. म्हणून आज फक्त मागची बाजू, तासभर.

बिजागरीची झाळ ताटलीच्या बाकीच्या झाळीसारखीच आहे, रंग तोच, काळवंडलेलीही तशीच. नंतर जोडलेली पिन असती तर आजूबाजूला तापवल्याचा डाग दिसला असता. आणि ताटलीच्या कडेला, दोन किरणांच्या बेचक्यात, दुसरा हंस सापडला. अर्धाच उमटलाय, मान आहे, शेपूट नाही. तपासणी करणाऱ्याने अंगावरही मारला होता.

पेन्सिलीने लिहिलेलं 'हॅले, पॅरिस' खोडलं. पुढे काहीच लिहिलं नाही.

९ मार्च

प्रत्येक किरणाच्या पाठीवर, रिबिटांच्या मधे, सुईने ओरखडल्यासारखी एकेक खूण आहे. जुळणीच्या खुणा. सुटे किरण पुन्हा आपापल्या जागी बसावेत म्हणून कारागीर आकडे टाकतो. सोनारकामात, सुतारकामात, देवळाच्या दगडांतसुद्धा ही पद्धत आहे. एक उभी रेघ: एक. एका किरणावर इंग्रजी व्ही. व्ही म्हणजे रोमन पाच. रोमन आकडे म्हणजे युरोप. बाकीच्या खुणा वाकड्यातिकड्या आहेत, हात घसरला असेल. एकावर तर बदामाचा आकार आहे, तो बहुधा नुसताच गिरवला असावा.

मग युरोपातला, पण फ्रान्सबाहेरचा? बर्लिनचा असता तर १८८८ नंतरच्या कामावर चंद्रकोर आणि मुकुट असता, शेजारी ८००, म्हणजे हजारात ८०० भाग चांदी. व्हिएन्नाच्या १८६७ पासूनच्या चांदीवर डायना देवीचं डोकं. रशियाचा असता तर ८४: तिथे चांदी ९६ झोलोतनिकांच्या मापाने मोजत, त्यातले ८४ भाग शुद्ध, म्हणजे हजारात ८७५. माझ्याकडे रशियन घडाईचा खालच्या वर्गाचा एक बिल्ला आहे. त्याच्या कडीवर कोकोश्निक हे रशियन शिरोभूषण घातलेल्या बाईचं डोकं डावीकडे पाहतंय, म्हणजे १८९९ ते १९०८ मधला. १९०८ नंतर ती बाई उजवीकडे पाहू लागते. रशियन कामं बाजारात पुष्कळ. नासिरुद्दीन शाहने १८७९ मध्ये रशियन अधिकाऱ्यांच्या हाताखाली कोसॅक ब्रिगेड उभी केली, आणि तिथे येणारा जाणारा प्रत्येक अधिकारी सिंह घेऊनच घरी गेला असावा.

पण माझ्या ताऱ्यावर यातलं काहीच नाही.

२१ मार्च

आज नवरोज. पूर्वी ज्यांच्या हॉटेलात आम्ही मित्र तासन्‌तास बसायचो, त्या इराणी आजोबांकडे दरवर्षी या दिवशी जातो. टेबलावर सात 'सीन' मांडलेले: सफरचंद, लसूण, व्हिनेगर, उगवलेले गहू, असे 'स'ने सुरू होणारे सात पदार्थ. ताऱ्याचे फोटो मोबाइलवर होते. दाखवायचे नव्हते, पण दाखवलेच.

त्यांनी आधी सूर्याकडे पाहिलं. "खुर्शीद खानम," म्हणाले. सूर्य म्हणजे बाई, खानम. मी इतके दिवस सिंहाच्या मागे लागलो होतो. सिंहाच्या पाठीमागून डोकावणारा चेहरा त्यांनी मोठा करून दाखवला: गोल गाल, लहानसं तोंड, नाकाच्या वर एकमेकींना भिडलेल्या भुवया. काजार काळातल्या चित्रांतली कुठलीही सुंदरी अशीच असते. पॅरिसच्या कारागिराने सूर्याला चेहरा दिला तर तो बहुतेक युरोपातल्या दगडी मुखवट्यासारखा असतो. मी पाहिलेल्या फ्रेंच ताऱ्यांत भुवया कधी जुळलेल्या नव्हत्या. व्हिएन्नाचा माझ्याकडचा सूर्य तर गोबऱ्या गालाचा पोरगा आहे.

मग मागच्या खुणा. मी म्हटलं, हे रोमन पाच. आजोबा हसले. "बेटा, ये सात है." व्ही म्हणजे फारसी सात. आणि तो बदाम? उलटा धरलेला बदाम म्हणजे फारसी पाच. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला एक ते सात आकडे लिहून दिले. घरी येऊन फोटोंशेजारी ठेवले: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, घड्याळाच्या दिशेने, एकही चुकलेला नाही. हात घसरला नव्हता, माझंच वाचन घसरलं होतं.

ज्याने किरण बसवले तो फारसी आकड्यांत मोजणारा माणूस होता. तेहरान की इस्फहान की तब्रिझ, ते या आकड्यांवरून सांगता येत नाही. पण पॅले-रोयालच्या कमानीखाली बसून कुणी उलटा बदाम काढत नसेल.

आजोबांनी निघताना सुकामेव्याची पुडी दिली आणि विचारलं, "कितने में लिया?" मी पेटीचं कारण सांगितलं. त्यांनी मान हलवली, पुढे बोलले नाहीत.

१६ एप्रिल

झवेरी बाजारातल्या एका हॉलमार्किंग केंद्रात क्ष-किरण यंत्रावर कस पाहिला. काउंटरवरच्या मुलाने तारा उलटसुलट करून विचारलं, "शेरीफचा आहे का?" मुंबईला शेरीफ असतात हे त्याला ठाऊक आहे याचंच कौतुक वाटलं. पण त्याच्या मनात बहुधा घोड्यावरचे शेरीफ असावेत.

चार किरण आणि ताटली तपासली. चांदी ८९ ते ९२ टक्के, प्रत्येक किरणाची थोडी वेगळी. फ्रेंच पहिल्या प्रतीची ९५० किंवा दुसऱ्या प्रतीची ८०० असती तर आकडे एका जागी उभे राहिले असते. रशियाच्या ८७५ शीही बसत नाही. एकसारख्या पत्र्यातून नाही, वेगवेगळ्या वेळी वितळवलेल्या चांदीतून किरण निघालेत. तेहरानच्या यंत्रावरच्या टांकसाळीत १८७० च्या दशकाअखेरीपासून निघालेली क्रान नावाची नाणी ९०० च्या चांदीची होती, आणि नाणी वितळवून दागिने करणं कुठल्या सराफाला नवं आहे? तरी यावर इमारत बांधत नाही. फ्रान्सचं पाच फ्रँकचं नाणंही ९०० चंच. शिवाय यंत्र वरवरचं पाहतं. जुनी चांदी घासूनपुसून, आम्लात उजळून वरच्या थरात जास्त शुद्ध झालेली असते.

टिकलीभोवतीच्या कड्याला सोन्याचा मुलामा आहे. तो पाऱ्याचा की विजेचा, हे पाहायचं होतं. पारा लावून दिलेल्या मुलाम्यात थोडा पारा उरतो, आणि १८४० नंतर विजेचा मुलामा पसरत गेला तरी जुने कारागीर पारा सोडायला तयार नव्हते. केंद्राच्या यंत्राच्या यादीत पाराच नाही. दागिन्यांत पारा कोण शोधतो? ते राहिलं.

केंद्रातले वयस्कर गृहस्थ मात्र सोनाराच्या घराण्यातले निघाले. त्यांनी भिंग न लावता टिकलीची पाठ पाहिली आणि म्हणाले, "पाठीला पण मीना दिलाय, म्हणून टिकलाय." काच आणि धातू गार होताना सारखे आकसत नाहीत. एकाच बाजूला मीना असला की पत्रा वाकतो आणि काच तडकते, म्हणून पाठीलाही थर द्यायचा. हे जयपूरपासून जिनिव्हापर्यंत सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा त्यावरून देश ठरत नाही. पण पाठीचा मीना कसा दिलाय ते पाहिलं तर हात कळतो. इथे तो हिरवट-पांढरा, दाणेदार आणि भराभर फासलेला आहे. पुढचा सिंह मात्र एकेक केस ओढून रंगवलाय. दाखवायचं तिथे जीव ओतलाय, झाकायचं तिथे वेळ वाचवलाय.

२ मे

लंडनच्या एका संग्राहकाला फोटो पाठवले होते. "वस्तूच पाठवा, हातात घेऊन सांगतो," असं त्याचं उत्तर. ते जमणार नाही. शंभर वर्षांवरची अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली देशाबाहेर नेता येत नाही. ती मुळात कुठून आली याला महत्त्व नाही. हा सिंह इराणहून फ्रान्सला गेला, तिथे हंसाचा शिक्का घेतला, मग कसा कोण जाणे मुंबईला आला. आता इथेच.

पुन्हा प्रकाश बदलून वीस फोटो पाठवले.

१९ मे

सुट्टीत सगळे महाबळेश्वरला. बाजारातून फिरताना लेकीने विचारलं, "मालकम पेठ म्हणजे कोण मालकम?" आयतंच सापडलं!

जॉन मालकम. १८१८ च्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने ज्याच्यापुढे शरणागती पत्करली तो, आणि १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर. त्याआधी तो कंपनीचा वकील म्हणून इराणच्या वाऱ्या करत होता, आणि १८१० मध्ये फत्‌ह अली शाहने त्याला शीर-ओ-खुर्शीद दिलं होतं. म्हणजे पेशवाई बुडवायला आलेल्या माणसाकडे हे निशाण आधीच होतं. लेक म्हणाली, "मग त्याचा तारा कुठे आहे?" स्ट्रॉबेरी क्रीम येईपर्यंत माझ्याकडे उत्तर नव्हतं, नंतर तिला ते नको होतं.

'निशाण' आपल्याकडे झेंडा झाला, तिकडे पदक. फर्मान, मोहर, तारीख, शिक्का हे सगळे शब्द मोडीच्या कागदांतून इतके अंगवळणी पडलेत की काजार फर्मानाचा मजकूर लावताना अर्धे शब्द घरचेच वाटतात. इंग्रज संग्राहकाला कोश उघडावा लागतो. फारसी आकडे वाचायला मात्र मला आजोबांकडे जावं लागलं, ही गोष्ट वेगळी.

८ जून

लंडनहून उत्तर आलं. त्याचं मतही इराणी घडाईचंच, आणि कारण माझ्या यादीत नव्हतं: पैलूंची दिशा. युरोपच्या पेढ्यांत किरण साच्यात दाबून किंवा आखणी करून पैलू पाडत. त्यामुळे एका ताऱ्याचे सगळे किरण एकमेकांच्या छापासारखे असतात. इथे प्रत्येक किरणावर पैलूंच्या ओळी वेगळ्या: पहिल्यावर अकरा, तिसऱ्यावर बारा, सहाव्यावर पुन्हा अकरा पण शेवटची ओळ तिरपी. मी मोजलं नव्हतं. आज मोजलं. बरोबर आहे.

एक सावधगिरी त्याने लिहिली आहे, ती मला पटते. हंसामुळे तारा १८९३ नंतर फ्रान्समध्ये होता एवढंच कळतं. घडला कधी ते नाही. १८७३ च्या वारीतला असू शकतो आणि मुजफ्फरुद्दीनच्या काळातलाही. मुजफ्फरुद्दीनला १९०२ मध्ये इंग्लंडच्या सातव्या एडवर्डकडून गार्टर हवं होतं. ते ख्रिस्ती सरदारांचं निशाण म्हणून राजा देईना, आणि शाह दुसरं काही घेईना. शेवटी १९०३ मध्ये द्यावंच लागलं. त्याच्या बापाला ते १८७३ मध्येच मिळालेलं होतं, म्हणून ही धुसफुस. पदकाला 'नुसता बिल्ला' म्हणणाऱ्यांना मी हा प्रसंग सांगतो.

कारागिराचं नाव मिळेल का? इराणी धातुकामात आणि मीन्यात 'अमल-ए अमुक', म्हणजे अमक्याचं काम, अशी सही सापडते. ती असलीच तर टिकलीच्या पाठीवर, कड्याखाली झाकलेल्या काठावर, जिथे टिकली उचलल्याशिवाय दिसणार नाही. चार दातांनी धरलेली आहे. दात उघडले की शंभर वर्षांची चांदी तुटू शकते, आणि ती केसाएवढी चीर तर आहेच. सराफाला विचारलं. तो म्हणाला, "मी उघडीन. बंद होईल याची हमी नाही."

उघडणार नाही.

१४ जुलै

चार दिवस संततधार. कपाटातल्या पुस्तकांना वास यायला लागलाय. तारा काढून सिलिकाच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवला, आणि रिकामी पेटी मखमल वाळावी म्हणून खिडकीतल्या टेबलावर उघडी ठेवली. तिकडे माझं लक्षच नव्हतं. आता पेटीचं काय काम?

पाचच्या सुमाराला ढग थोडे उघडले आणि तिरपं ऊन मखमलीवर आलं. दाबलेल्या केसांचा ठसा उठून दिसला. मधे वाटोळा खड्डा, त्याभोवती टोकदार खाचा. मोजल्या. पुन्हा मोजल्या. चमचा धरून प्रत्येक खाचेवर टेकवत मोजल्या.

आठ.

पाच महिने माझा सात किरणांचा तारा आठ किरणांच्या जागेत निजत होता, आणि मखमल जुनी, सैल झालीय म्हणून तो हलतो असं मी समजत होतो.

१७ जुलै

विकणाऱ्याला फोन केला. भांडायला नव्हे; पेटी त्याच्याकडे कुठून आली एवढंच हवं होतं. तारा एका घरातून आला, पेटी दुसऱ्या मालात. "दोन्ही एकाच रंगाची दिसली, म्हणून एकत्र केली. शोभत होती ना?" शोभत होती, हे मला मान्य करावं लागलं.

वहीतल्या नोंदी शाईने पक्क्या केल्या.

क्र. ६. शीर-ओ-खुर्शीद, दुसरा वर्ग, छातीचा तारा, बसलेला सिंह, सात किरण. चांदी, मीना, मुलामा. घडाई इराणी. कारागीर अज्ञात, किरणांच्या पाठीवर फारसी आकडे १ ते ७. पिनेवर आणि ताटलीच्या कडेला फ्रान्सचा हंस, १८९३ नंतरचा. पेटी नाही.

क्र. ७. लाल चामड्याची पेटी, हॅले, पॅले-रोयाल, पॅरिस. आठ किरणांच्या ताऱ्याची. रिकामी. तारा हवा आहे.